कागदाची पाठ

पाबळ हें नांव ऐकल्याबरोबर सामान्य वाचकाच्या मनांत मस्तानी उभी राहते, आणि तें साहजिकच आहे. पुण्याच्या ईशान्येस, राजगुरुनगराहून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव पहिल्या बाजीरावानें केंदूर व लोणी या गांवांबरोबर तिला लावून दिलें होतें, आणि १७४० सालीं बाजीरावामागून ती निवर्तल्यावर तिचा देह याच मातींत विसांवला. तिच्या कबरीच्या दर्शनास जाणारा प्रवासी तिच्याविषयीं हळहळतो, आणि गांवाचा इतिहास कळला अशा समाधानानें परत फिरतो. गांवाचा इतिहास इतक्यानें कळत नाहीं. राजे-रजवाडे गांवांतून एकदां जातात. रोखे, खतें आणि हुंड्या मात्र रोज जात असतात. कोणत्या कागदानें गांवांत लक्ष्मी आणली आणि कोणत्या कागदानें ती नेली, हें ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें गांवाचा दर्शनी भाग पाहिला, पाठ पाहिली नाहीं.

या लेखांत आम्ही कागदाच्या पाठीविषयींच चार गोष्टी सांगणार आहों. इंग्रजींत ज्यास 'एन्डॉर्समेंट' म्हणतात त्या शब्दाच्या पोटांत लॅटिन भाषेंतील पाठ या अर्थाचा शब्द दडलेला आहे. आपण त्यास पृष्ठांकन म्हणतों, पेढीवर नुसतें 'मागें सही करा' म्हणतात. बँकेच्या खिडकीशीं उभे राहून आपण ही सही दोन पळांत उरकतों, आणि आपण काय केलें याचा विचार शंभरांत एखादाच करीत असेल. परंतु पाबळच्या भोंवतालच्या पर्जन्यछायेंतील मुलुखानें कागदाच्या या मागच्या बाजूचा अर्थ फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

आधीं व्यापाऱ्याचा कागद पाहूं. बाजारच्या गांवीं माल येतो, तसाच पैसाहि बाहेर जावा लागतो. वाटा चोरांच्या, नाणें जड, आणि तेंहि दर मुलुखांत निराळें. तेव्हां रोकड बैलावर लादून पाठविण्यापेक्षां एका पेढीनें दुसऱ्या गांवच्या पेढीस 'अमुक रक्कम अमक्यास द्यावी' असें लिहून देणें हाच शहाणपणा. हीच हुंडी. मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांच्या काळांत वसुलीचा पैसा पुण्यास पोहोंचविण्याचें आणि फौजेकडे पैसा पाठविण्याचें मोठें साधन हुंडी हेंच होतें, आणि बाजीरावासारख्या कर्जांत बुडालेल्या सेनापतीची तलवार सावकाराच्या लेखणीवर किती अवलंबून होती हें त्याच्या पत्रव्यवहारावरून सर्वश्रुत आहे. सरकारी खजिन्यावर किंवा महालावर पैसे देण्याचा जो हुकूम सुटे त्यास वरात म्हणत. वरात ही सरकारच्या अधिकारावर चाले, हुंडी पेढीच्या पतीवर चाले. आणि आजच्या चेकांत या दोहोंचाहि थोडा थोडा अंश आहे.

हुंडी लिहिण्याची रीति अत्यंत सावध असे. रक्कम एकदां लिहून भागत नसे. हजार रुपये लिहिले तर त्याचे निमे पांचशें, त्याची दुप्पट पुरे हजार, असें पुन्हा लिहावयाचें, म्हणजे एखादें शून्य वाढवून कोणी ठकवूं नये. पाहतांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, कांहीं दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत द्यावयाची ती पेठ. तीहि गेली तर परपेठ. पैसे चुकते होऊन रद्द झालेली हुंडी म्हणजे खोका. या सर्व प्रकारांसाठीं घेणावळ पडे ती हुंडणावळ. एवढी नेमकी परिभाषा ज्या धंद्यानें निर्माण केली तो धंदा इंग्रजांच्या येण्याची वाट पाहत बसला नव्हता हें उघड आहे.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं हुंडी ज्याच्या नांवें निघाली त्यालाच तिचे पैसे हवे असतील असें नाहीं. पाबळच्या एखाद्या व्यापाऱ्याजवळ पुण्याच्या पेढीवरची पांचशें रुपयांची हुंडी आहे अशी कल्पना करा. त्याला स्वतःला तळेगांवच्या व्यापाऱ्याचें देणें आहे, आणि तळेगांवकराला पुण्याच्या आडत्याचें. अशा वेळीं पाबळकर हुंडीच्या पाठीवर 'हे पैसे तळेगांवकरास द्यावे' असें लिहून सही करतो. तळेगांवकर त्याखालीं तसेंच आडत्याच्या नांवें लिहितो. आणि आडत्या पेढीवर जाऊन रुपये घेतो. रुपयांची थैली एकदांच हलली, परंतु तीन देणीं फिटलीं. कागदाच्या एका बाजूवर जें वचन होतें तें दुसऱ्या बाजूच्या चार ओळींनीं तीन गांवें हिंडून आलें.

पृष्ठांकनाचें हें एक काम झालें, हक्क पुढें देणें. त्याचें दुसरें काम लोकांच्या ध्यानांत कमी येतें, आणि आमच्या मतें तेंच अधिक मोलाचें आहे. पाठीवर सही करणारा नुसता हक्क देऊन मोकळा होत नाहीं; पुण्याच्या पेढीनें हुंडी नाकारली तर मी भरीन, असा तो जामीनहि होतो. आडत्यास पैसे मिळाले नाहींत तर तो तळेगांवकरास गांठील, तळेगांवकर पाबळकरास गांठील, आणि पाबळकर मूळ लिहिणारास गांठील. म्हणून जगांतील बहुतेक वस्तु हातोहात फिरून झिजतात, पण हा कागद हातोहात फिरून बळकट होतो. मागें जितक्या सह्या अधिक तितके जामीन अधिक. चार भल्या माणसांचीं नांवें पाठीवर असलेली हुंडी ही मूळ लिहिणाऱ्याच्या पतीहून मोठी होते.

परंतु हातोहात फिरणाऱ्या वस्तूस चोराचें भय असतें, आणि येथें दोन संस्कृतींनीं दोन निराळीं उत्तरें काढलीं तीं पाहण्यासारखीं आहेत. युरोपांत पृष्ठांकनाची चाल सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ झाली. इंग्लंडांत १७५६ च्या डिसेंबरांत टपालाची गाडी लुटली गेली आणि तींतील साडेएकवीस पौंडांची बँक ऑफ इंग्लंडची एक नोट चोरांकडून फिरत फिरत एका खाणावळवाल्याकडे आली. त्यानें ती भल्या बुद्धीनें, पूर्ण मोबदला देऊन घेतली होती. मूळ धन्यानें नोटेचे पैसे देऊं नयेत असें बँकेस कळविलें होतें. बँकेच्या कारकुनानें नोट अडकवून ठेविली. १७५८ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं निकाल दिला तो खाणावळवाल्याच्या बाजूनें. तत्त्व असें, कीं जो कागद पैशासारखा चालतो तो घेणाऱ्यानें प्रामाणिकपणें व मोल देऊन घेतला असेल तर मागच्या कोणाच्या पापाची चौकशी त्याच्यावर लादूं नये; नाहीं तर बाजारांत कागद कोणी हातींच धरणार नाहीं.

आपल्या पेढ्यांनीं काढलेली तोड दुसरी. तिचें नांव शाहजोग हुंडी. हिचे पैसे कोणाहि आणणाऱ्यास मिळत नाहींत, फक्त शाहास मिळतात. आणि शाह म्हणजे बाजारांत ज्याची पत व अब्रू सर्वांस ठाऊक आहे असा सराफ किंवा व्यापारी. हुंडी मधल्या हातांतून पाठीवर कांहींहि न लिहितां फिरली तरी चालते, पण शेवटीं पेढीच्या दारांत जो उभा राहील तो शाह असला पाहिजे. उद्यां हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली तर या शाहानें पैसे व्याजासुद्धां परत करावे, नाहीं तर ज्यानें ती त्याच्याजवळ दिली त्यास हजर करावें. इंग्रजी कायद्यानें कागदावर विश्वास ठेविला, आपल्या बाजारानें माणसावर. पहिली रीति अनोळखी लोकांच्या मोठ्या शहरास सोयीची, दुसरी ओळखीच्या लोकांच्या पेठेस. दोहोंचा हेतु मात्र एकच, घेणारास निर्धास्त करणें.

येथवरचा कागद व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला. दोघेहि लिहिणारे, दोघेहि हिशेब जाणणारे, आणि दोघांच्याहि घरीं वह्या. आतां त्याच गांवांत, त्याच पेढीच्या ओसरीवर लिहिला जाणारा दुसरा कागद पाहूं. तो कुणब्याचा रोखा.

हा कागद पुढून पाहिला तर यथासांग असे. अमक्या सालीं अमक्या मितीस शेठजींपासून अमुक रुपये कर्ज घेतले, व्याज दर दरमहा शेंकडा इतकें, मुदत इतकी. शेवटीं साक्षी, लिहिणाऱ्याचें नांव आणि कर्ज घेणाऱ्याची निशाणी. लिहितां न येणारा कुणबी सहीच्या जागीं नांगर काढी. 'निशाणी नांगर' ही अक्षरें त्या चित्राभोंवतीं लिहिणाराच लिही. ज्या नांगरावर तो जगे तोच नांगर तो कागदावर बांधून देई. ही कवीची अतिशयोक्ति नव्हे, दप्तरांतील हजारों कागदांवरचें रोजचें चित्र आहे.

आणि पाठ? रोख्याच्या पाठीचें कामच मुळीं वसूल लिहिणें. धनकोला कांहीं रक्कम पोहोंचली कीं ती मितीसह मागें टाकावी, सर्व फिटलें कीं रोखा फाडून परत द्यावा, अशी भल्या सावकाराची रीत होती. परंतु १८७५ नंतर सरकारनें नेमलेल्या चौकशी-मंडळापुढें जीं गाऱ्हाणीं आलीं त्यांतलीं कितीएक एका वाक्यांत सांगतां येतील: पुढची बाजू भरलेली, मागची कोरी. धान्य दिलें तें मागें चढलें नाहीं. रोकड दिली तिची पावती नाहीं. नवा रोखा केला पण जुना परत आला नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें मागें काय लिहिलें आहे हें पाहावयाचें कसें? तो शेठजींच्या 'वहींत मांडतों' या शब्दावर घरीं जाई.

या कोरेपणास कायद्याचेंहि साह्य झालें, आणि तेंहि न जाणतां. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या हिताचा होता; जुनीं भुतें उकरून त्याला छळूं नये. परिणाम उलटा झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार म्हणे, नवें खत लिहून दे, नाहीं तर फिर्याद करतों. नव्या खतांत जुन्या व्याजाचें मुद्दल होई. आपल्या जुन्या न्यायांत दामदुपटीचा नियम होता; व्याज मुद्दलाइतकें झालें कीं त्याच्या पलीकडे एका वेळीं मागतां येऊं नये. पण व्याजच मुद्दलाचा वेष घेऊन आलें म्हणजे दामदुपटीनें त्याला ओळखावें कसें?

एक हिशेब मांडून पाहूं. आंकडे आमचे आहेत, रीत मात्र त्या काळचीच. शंभर रुपये वर्षास शेंकडा चोवीस दरानें घेतले. तीन वर्षांचें साधें व्याज बहात्तर, म्हणून नवें खत एकशें बहात्तरांचें. आणखी तीन वर्षांनीं त्यावर व्याज एकशें तेवीस रुपये तेरा आणे, म्हणून तिसरें खत जवळजवळ दोनशें शहाण्णवांचें. दामदुपटीनें मूळ शंभरावर दोनशेंच्या पुढें मागतां आलें नसतें; दोन वेळां कागद बदलल्यानें तें कुंपण ओलांडलें गेलें. आतां असें धरा, कीं पहिल्या तीन वर्षांत कुणब्यानें दर सालीं वीस रुपये दिले होते. ते पाठीवर चढले असते तर पहिल्या बदलाच्या वेळीं देणें एकशें बारांचें निघालें असतें. चढले नाहींत म्हणून एकशें बहात्तरांचें निघालें. साठ रुपये कोणी लुटले नाहींत, कोणी दरोडा घातला नाहीं. फक्त मागें तीन ओळी लिहिल्या नाहींत.

अमेरिकेंतील यादवीच्या वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्ज सुलभ झालें. युद्ध संपलें, भाव उतरले, फेरपाहणीनें सारा वाढला, आणि सावकाराचा हात आंखडला. शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं १८७४ च्या अखेरीस एका मारवाडी सावकारानें हुकूमनाम्याच्या बळावर गांवच्या देशमुखाचें घर घेतलें, तेव्हां गांवानें त्या जातीच्या सावकारांवर बहिष्कार घातला. नोकर, पाणक्या, न्हावी सर्वांनीं काम सोडलें. बहिष्कार गांवोगांव पसरला, आणि १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंग्यास तोंड लागलें. पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून नऊशें एक्कावन माणसें पकडलीं गेलीं आणि पांचशें एक जणांस शिक्षा झाल्या.

या दंग्याचा विशेष इंग्रज अधिकाऱ्यांच्याहि ध्यानांत आला होता. जमावाला सावकाराचा जीव नको होता, बहुतेक ठिकाणीं पैसाहि नको होता. त्याला कागद हवा होता. रोखे, हुकूमनामे, खतें बाहेर काढा, एवढीच मागणी. कागद निमूटपणें दिले तेथें मारहाण सहसा झाली नाहीं. ते चौकांत जाळले कीं जमाव पांगे. अडाणी म्हणून ज्यांची हेटाळणी झाली त्या लोकांना आपलें दुःख कोठें लिहिलें आहे हें पक्कें ठाऊक होतें. त्यांची चूक एवढीच, कीं कागद जाळल्यानें हिशेब जळत नाहीं. आणि गैर कागदाबरोबर खराहि जळतो. ज्या सावकाराचें देणें रास्त होतें त्याचेंहि नुकसान झालें, आणि पुढें पत मिळणें आणखीच कठीण झालें. दंगेखोरांचा न्याय हा न्याय नव्हे. पण न्यायालयांनीं, ऋणको हजर नसतां, कोऱ्या पाठीकडे न बघतां, एकतर्फी दिलेले हुकूमनामे हाहि न्याय नव्हता.

चौकशीचें फळ म्हणजे १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा. पुणें, सातारा, सोलापूर व नगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेंत आले, अर्थात पाबळचा मुलूखहि. त्याचीं मुख्य कलमें अशीं: न्यायाधीशानें रोख्यावरच्या आंकड्यावर थांबूं नये, व्यवहार मुळापासून तपासावा आणि मुद्दल किती, व्याज किती, वसूल किती याचा स्वतः हिशेब करावा. शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचा कागद गांवच्या नोंदणी-कामगारासमोर लिहिला जावा. पैसे दिले कीं लेखी पावती मागण्याचा हक्क, सालोसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क. नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये. फिर्यादीची मुदत लांबविली, ती नोंदलेल्या खतास बारा वर्षांपर्यंत, म्हणजे दर तीन वर्षांनीं खत बदलण्याचें निमित्त उरूं नये. न्यायमूर्ति रानडे यांनीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून पुढें काम पाहिलें.

या कायद्याचा सारांश एका वाक्यांत असा: कागदाच्या पाठीमागें पाहा.

आणि याला दोनच वर्षें होतात न होतात तों त्याच कायदेमंडळानें १८८१ चा २६ वा कायदा केला; चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांसारख्या हस्तांतर करतां येणाऱ्या कागदांचा. १ मार्च १८८२ पासून तो अंमलांत आला, आणि अनेक दुरुस्त्या होऊन आजहि तोच चालू आहे. देशी भाषेंतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्यानें हात लावला नाहीं, ही त्याची समज. पण त्याचा गाभा लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्याच तत्त्वाचा. मुदत संपण्यापूर्वीं, मोल देऊन, शंकेस जागा नसतांना ज्यानें कागद घेतला त्याला मागच्या भानगडी विचारूं नयेत. म्हणजे याचा सारांश: कागदाच्या पाठीमागें पाहण्याचें कारण नाहीं.

एकाच सरकारचे, दोन वर्षांच्या अंतराचे, एकमेकांच्या उलट असे हे दोन कायदे. यांतला कोणता बरोबर? कोणी म्हणेल, एक दयेचा व दुसरा व्यवहाराचा. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन्ही व्यवहाराचेच आहेत. फक्त दोन निराळ्या परिस्थितींतल्या व्यवहाराचे. सही करणाऱ्या दोघांनाहि कागद वाचतां येतो, दोघांनाहि नाहीं म्हणतां येतें, तेथें कागदाच्या शब्दावर थांबणें ही सोय आहे. त्या सोयीवरच व्यापार उभा आहे. एकाला वाचतां येतें आणि दुसऱ्याला नाहीं, एकाच्या कोठारांत धान्य आहे आणि दुसऱ्याच्या चुलींत राख, तेथें कागदाच्या शब्दावर थांबणें म्हणजे बळकटाच्या शब्दावर थांबणें. कागद समानांमध्यें वचन असतो, असमानांमध्यें शस्त्र असतो.

१८८१ च्या कायद्यांतहि एक लहानसें कलम आहे, ५६ वें, तें या दृष्टीनें फार बोलकें आहे. कागदांतल्या रकमेचा थोडा भाग एकाच्या नांवें करून देतां येत नाहीं. हक्काचे तुकडे करून वाटतां येत नाहींत. परंतु रकमेपैकीं कांहीं पोहोंचली असेल तर तसा शेरा कागदावर लिहावा, आणि मग राहिलेल्या बाकीपुरता तो पुढें देतां येईल. 'कांहीं पोहोंचली असेल तर तसा शेरा लिहावा.' व्यापाऱ्यांच्या कायद्यानें जें सहज गृहीत धरलें तेंच कुणब्याला मिळालें नव्हतें. पुण्याच्या आडत्याच्या हुंडीवर जो शेरा रोज पडत होता तोच पाबळच्या शिवारांतल्या रोख्यावर पडला असता, तर १८७५ च्या मे महिन्यांत जाळावयास फार थोडे कागद राहिले असते असें आम्हांस वाटतें.

१८७९ च्या कायद्यानें सर्व सुरळीत झालें असें मात्र नाहीं. सावकारानें दुसरी वाट शोधली; कर्जाच्या जागीं जमिनीचें सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचें आणि पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचें वचन तोंडी ठेवावयाचें. म्हणजे जें पूर्वीं पाठीवर लिहिलें जात नव्हतें तें आतां कोठेंच लिहिलें जाईना. पुढें १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या आल्या, १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें परवाना, पावती व हिशेबाचा उतारा यांची सक्ति केली आणि कोऱ्या जागा ठेवून कागद लिहून घेण्यास मनाई केली. २०१४ सालीं त्याची जागा महाराष्ट्राच्या नव्या कायद्यानें घेतली. प्रत्येक कायद्याचा आग्रह एकच, जें दिलें तें लिहा.

आतां आपल्या घरांतल्या चेकाकडे वळूं. पृष्ठांकनाचे प्रकार जाणून घेणें कोणासहि जड नाहीं. नुसती सही केली तर तें कोरें पृष्ठांकन. मग चेक ज्याच्या हातीं त्याचा होतो, आणि वाटेंत पडला तर सांपडणाऱ्याच्याहि हातीं तो असतोच. 'अमक्यास द्यावे' असें लिहून सही केली तर पूर्ण पृष्ठांकन. मग त्या अमक्याच्या सहीवांचून तो पुढें जात नाहीं. 'फक्त अमक्यासच' असें लिहिलें तर तो तेथेंच थांबतो. 'माझ्यावर जबाबदारी नाहीं' असें लिहून हक्क द्यावा आणि जामीनकी टाळावी अशीहि मुभा कायदा देतो. पण असा शेरा वाचून घेणारा मनांत काय ते समजतो. आणि मुळांतच 'वाहकास' म्हणून निघालेला चेक मागें कितीहि लिहिलें तरी बँकेच्या दृष्टीनें वाहकाचाच राहतो, अशी १९३४ च्या दुरुस्तीनें सोय आहे. म्हणून वाहक हा शब्द खोडावयाचा तो चेक देणाऱ्यानें, घेणाऱ्यानें नव्हे. खोट्या सहीनें हक्क मिळत नाहीं. परंतु सही वरपांगीं बरोबर दिसत असतां बँकेनें रीतसर पैसे दिले तर बँक मोकळी होते. तेव्हां दोन तिरप्या रेघा मारण्यास आळस करूं नये.

या रेघांनींच पृष्ठांकनाचें आयुष्य संपत आणलें आहे हेंहि सांगितलें पाहिजे. रेघांच्या मध्यें 'खात्यांतच जमा' असें लिहिलेला चेक दुसऱ्याच्या खात्यांत घालूं नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे; चेक आतां एका बँकेंतून दुसरीकडे स्वतः जात नाहीं, त्याचें चित्र जातें; आणि २०१२ पासून त्याची मुदतहि तीन महिन्यांची झाली आहे. हातोहात फिरून बळकट होणारा कागद आतां फिरतच नाहीं. पाठीवर सही होते ती बहुधा पैसे पोहोंचल्याची खूण म्हणून, नाहीं तर खात्याचा आंकडा लिहिण्यासाठीं. सोय वाढली हें खरें. चार शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या शब्दाखालीं आपलें नांव घालण्याची रीति मात्र गेली.

पण कोऱ्या कागदाचा धोका गेलेला नाहीं. तो पाठीवरून पोटावर आला आहे. कर्ज देतांना सही केलेले कोरे चेक तारण म्हणून मागण्याची चाल आपल्याकडे पसरली आहे. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेल्या चेकाबद्दल फौजदारी खटला होऊं शकतो. आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें, कीं स्वखुषीनें सही करून दिलेल्या कोऱ्या चेकांत रक्कम दुसऱ्यानें भरली तरी तो देण्यापोटींच दिला असें गृहीत धरलें जाईल. उलट सिद्ध करण्याचा भार सही करणारावर. व्यापाराच्या दृष्टीनें हा निकाल सुसंगत आहे. सहीला अर्थ नसेल तर चेकाला अर्थ उरत नाहीं. पण सही करणारा जर अडलेला शेतकरी असेल, आणि फेडीची पावती त्याच्याजवळ नसेल, तर नांगराच्या निशाणींत आणि या सुबक सहींत अंतर किती? पूर्वींचा कुणबी वाचतां येत नव्हतें म्हणून फसला. आजचा सुशिक्षित मनुष्य वाचावयास कांहीं लिहिलेलेंच नसतें म्हणून फसतो.

यास उपाय कायद्याच्या पुस्तकांत आहे तितकाच घरांतल्या संवयींत आहे. मुलाबाळांस आपण सही वळणदार करावयास शिकवितों. सही कशाखालीं करावयाची आणि केव्हां करावयाची नाहीं हेंहि तितक्याच आग्रहानें शिकवावें. दिलेल्या पैची पावती मागणें म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणें, अशी जी एक भिडस्त समजूत मध्यमवर्गांत आहे ती तर सर्वथा टाकून द्यावी. हुंडीचा व्यापार करणारे शाह एकमेकांवर आपल्यापेक्षां अधिक विश्वास ठेवीत, आणि म्हणूनच एकहि रक्कम लिहिल्यावांचून सोडीत नसत. लिहिणें हा अविश्वास नव्हे. विश्वास टिकावा म्हणून त्याला दिलेला तो आधार आहे.

मस्तानीच्या कबरीसाठीं पाबळास जाणाऱ्यांनीं जरूर जावें. परंतु त्या गांवच्या बाजारांतून चालतांना एवढें आठवावें, कीं या मुलुखांत एके काळीं माणसें एकमेकांच्या कागदावर मागें सही करून एकमेकांचीं जामीन होत होतीं, आणि त्याच मुलुखांत दुसरीं माणसें मागें कोणी कांहीं लिहिलें नाहीं म्हणून घर गमावीत होतीं. दोन्ही कागद एकाच शाईचे होते. फरक होता तो पाठीवर लिहिणाऱ्या हाताच्या इमानाचा, आणि तें लिहिलेलें वाचूं शकणाऱ्या डोळ्याचा.